पट्टायाला आई-बाबा आणि मुलांना घेऊन जावं का?

पारिजातक
मंडळी, नोव्हेंबरच्या शेवटी आम्ही सहाजण थायलंडला निघतोय. मी, नवरा, अकरा आणि सात वर्षांची दोन मुलं आणि माझे आई-बाबा. दोघांनीही सत्तरी ओलांडली आहे. बँकॉक पक्कं आहे. समुद्रासाठी टूरवाल्यांनी पट्टाया दोन रात्री धरलंय. गाव रात्रीच्या बारांसाठी बदनाम, त्यामुळे ते नाव काढल्यापासून घरात कुजबुज सुरू आहे. "लेकरांना घेऊन तिथे कुठे निघालात?" असं मावशीने फोनवर स्पष्टच विचारलं. बाबांचं म्हणणं एवढंच, समुद्र आहे ना, मग झालं.

आईचे गुडघे दुखतात. ती पूर्ण शाकाहारी आहे, अंडंही चालत नाही. बाबांना ताटात मासा असला की बाकी काही नको. मुलांना पाण्यात मनसोक्त डुंबायचंय. जाऊन आलेल्यांनी आणि तिथे राहणाऱ्यांनी मनापासून सांगा: जावं का? जायचं तर गावाच्या कुठल्या भागात राहावं? टूरच्या कार्यक्रमात एक दिवस 'कोरल आयलंड' आणि दुसऱ्या दिवशी 'सिटी टूर' एवढंच लिहिलंय.

घाटवाट
मी मित्रांबरोबर गेलो होतो, सहकुटुंब नाही. माझं मत विचाराल तर नको. संध्याकाळी सातनंतर बीच रोडवरून मुलांना घेऊन चालायचं म्हणजे दर पन्नास पावलांवर त्यांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची तयारी हवी. त्यापेक्षा क्राबी किंवा हुआ हिन बघा.

पूर्वकिनारा
घाटवाट, तुम्ही पाहिलंत ते खरंच आहे, पण ते बीच रोडच्या दक्षिण टोकाचं आहे, सगळ्या गावाचं नाही. मी नोकरीनिमित्त चोनबुरीत, म्हणजे पट्टाया ज्या प्रांतात येतं तिथेच राहतो. लेम चाबांगचं मोठं बंदर आणि मोटारींच्या सुट्या भागांचे कारखाने याच पट्ट्यात आहेत, त्यामुळे पुण्या-चाकणकडची माणसंही इथे भेटतात. सुटीच्या दिवशी आम्ही बायकामुलांना घेऊन पट्टायालाच जातो आणि निवांत परत येतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पट्टाया उत्तर-दक्षिण पसरलेलं आहे. उत्तरेला नाक्लुआ, म्हणजे मूळ कोळी वस्ती. तिथे आजही होड्या लागतात, मासळीबाजार भरतो. मध्ये अर्धचंद्राकार उपसागर आणि त्याला लागून बीच रोड. दक्षिणेला प्रतामनाकची टेकडी, आणि टेकडीपलीकडे जोमतिएनचा लांबलचक किनारा. ज्या वस्तीमुळे गावाचं नाव झालं किंवा खराब झालं, ती वॉकिंग स्ट्रीट आणि आसपासच्या काही गल्ल्या. संध्याकाळी तिथे गाड्या बंद करतात आणि मग पहाटेपर्यंत तो भाग जागा असतो. तिथे आपण गेलो नाही तर तो आपल्या वाटेत येत नाही.

हे असं का झालं तेही सांगतो, कारण गावाला नावं ठेवणाऱ्यांना ते सहसा माहीत नसतं. १९५९ साली थायलंडमधल्याच कोरातच्या लष्करी तळावरचे अमेरिकी सैनिक सुटी घालवायला इथे आले, तेव्हा हे साधं मासेमारीचं गाव होतं. पुढे व्हिएतनाम युद्धात जवळच उ-तापाओचा मोठा विमानतळ झाला आणि सुटीवरच्या सैनिकांची रीघ लागली. बार, हॉटेलं, रात्रीचा धंदा सगळं त्या पैशामागे आलं. युद्ध संपलं, गिऱ्हाईक बदललं, धंदा राहिला. पण त्याच गावात शाळा आहेत, देवळं आहेत, सकाळी सहाला भिक्षूंना भात वाढायला दारात उभ्या राहणाऱ्या बायका आहेत. तुम्ही सकाळचं पट्टाया धरा. आई-बाबांना आणि मुलांना तेच आवडेल.

राहायला जोमतिएन किंवा नाक्लुआकडचा वोंग अमात किनारा. टूरवाल्यांना आजच सांगा की हॉटेल मधल्या पट्टायात नको. ते बहुतेक वेळा बीच रोडच्या मागच्या सेकंड रोडच्या आसपासचं देतात, कारण बस उभी करायला आणि भारतीय जेवणाला सोयीचं पडतं. दोन रात्रींच्या तीन करता आल्या तर फार बरं. दोन रात्रींत एक अख्खा दिवसच हाती लागतो.

दर्यासारंग
पूर्वकिनारा यांच्याशी सहमत. मी पाण्याबद्दल लिहितो, कारण मुलं पाण्यात उतरणार आहेत.

पट्टायाच्या मुख्य उपसागरात पोहण्यात राम नाही. दिवसभर स्पीडबोटी आणि जेट स्की सुरू असतात, पाणी गढूळ, आणि मोठा पाऊस झाला की रस्त्यावरचं पाणी थेट किनाऱ्यावर येतं. दोऱ्या आणि तरंगत्या फुग्यांनी आखलेले पोहण्याचे टप्पे आहेत, उतरायचंच असेल तर त्यांच्या आतच. संध्याकाळी फिरायला किनारा छान आहे. काही वर्षांपूर्वी बाहेरून वाळू आणून तो चांगला रुंद केलाय.

डुंबायला को लान बेट. टूरवाल्यांचं 'कोरल आयलंड' ते हेच. फरक फक्त कसं जाता यात आहे. पॅकेजमध्ये स्पीडबोट असते. ती वाटेत समुद्रातल्या तरंगत्या तराफ्यावर थांबवतात, तिथे पॅरासेलिंगचे पैसे वेगळे, मग पाण्याखाली चालण्याचे वेगळे, आणि हे सगळं उरकून तावेन किनाऱ्यावर पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलेलं असतं. तावेनवर सगळ्याच गटांची एकदम गर्दी. म्हाताऱ्या माणसांना त्या तराफ्यावर ताटकळत बसणं आणि स्पीडबोटीचे दणके, दोन्ही नकोत.

स्वतः जायचं तर गावाच्या दक्षिण टोकाच्या बाली हाय धक्क्यावरून मोठी लाकडी फेरी सुटते. तिकीट ३० बाथ, पाऊण तास लागतो. दोन ठिकाणी जाते, एक तावेन आणि दुसरं ना बान, म्हणजे बेटावरचं गाव. तुम्ही ना बानची पकडा. धक्क्यावर उतरलात की टपाची गाडी मिळते, ती समाए किंवा तिएन किनाऱ्यावर सोडते. सकाळी सातची पहिली फेरी पकडली तर नऊच्या आत तुम्ही पाण्यात आणि बाराला सावलीत. पाणी इतकं नितळ की कमरेइतक्या खोलीत उभं राहून पायाची बोटं दिसतात. परतीच्या शेवटच्या फेरीची वेळ उतरल्याबरोबर विचारून ठेवा. शनिवार-रविवार टाळा, बँकॉकची सगळी मंडळी तिथेच असतात.

एक कळकळीची विनंती. आपल्याकडे अलिबाग, मुरुड, गणपतीपुळे, दरवर्षी बातम्या वाचतोच. समुद्र दिसला की कपड्यांसकट आत धावायचं आणि छातीभर पाण्यात फोटो काढायचे, ही सवय परदेशातही सुटत नाही. लाल बावटा असेल तर घोट्याएवढ्या पाण्यातही मुलांना सोडू नका. दारू पिऊन पाण्यात नाही म्हणजे नाही. या आखातात दंश करणाऱ्या जेलीफिश असतात, काही फार विषारी. मुलांना अंगभर पोहण्याचे कपडे घाला. दंश झालाच तर गोडं पाणी ओतू नका, चोळू नका, व्हिनेगर ओता आणि दवाखाना गाठा. काही किनाऱ्यांवर खांबाला व्हिनेगरची बाटली लावलेलीच असते. रुग्णवाहिकेचा क्रमांक १६६९.

घाटवाट
को लानचं हे माहीत नव्हतं. आम्हाला स्पीडबोटीनेच नेलं होतं. वाचनखूण साठवतोय.

शेवंती_पुणे
जेट स्कीबद्दल कोणीतरी लिहा. माझ्या भाच्याकडून परत आल्यावर 'ओरखडा पडला' म्हणून जबर पैसे मागितले होते.

पूर्वकिनारा
शेवंती, हा प्रकार जुना आहे आणि थायलंडच्या बऱ्याच किनाऱ्यांवर होतो. यंत्राच्या पोटाखाली आधीचाच ओरखडा असतो, परत आल्यावर तो दाखवून हजारो बाथ मागतात आणि पासपोर्ट ठेवून घेतलेला असेल तर माणूस अडकतो. माझं सांगणं एकच: जेट स्की घेऊच नका. घ्यायचीच असेल तर आधी चारी बाजूंनी, खालून वरून व्हिडिओ काढा, त्या माणसासमोर काढा. पासपोर्ट कोणाकडेही गहाण ठेवायचा नाही, जेट स्कीसाठी नाही की स्कूटरसाठी नाही. बाचाबाची झाली तर आवाज न चढवता पर्यटन पोलिसांना फोन लावा, ११५५. इंग्रजीत बोलता येतं.

स्कूटरचंही सांगतो. डावीकडून वाहतूक आहे म्हणून आपल्याला घरच्यासारखं वाटतं, पण दुचाकीसाठी आंतरराष्ट्रीय परवाना लागतो. हेल्मेट नसेल तर नाक्यावर पकडतात, आणि परवान्याशिवाय अपघात झाला तर प्रवास विमा हात वर करतो. रुग्णालयाचं बिल मग लाखांत जातं. सहाजणांना तशीही स्कूटर उपयोगाची नाही.

गावात फिरायला सोंगथेव आहेत, गडद निळ्या पिकअप गाड्या, मागे समोरासमोर दोन बाकडी. बीच रोडवरून त्या दक्षिणेकडे जातात, सेकंड रोडवरून उत्तरेकडे. दोन्ही रस्ते एकदिशा मार्ग आहेत, तेवढं लक्षात ठेवलं की गाव पाठ होतं. हात केला की थांबते, काही न विचारता चढायचं. उतरायचं असेल तिथे छतावरचं बटण दाबायचं, खाली उतरून चालकाच्या खिडकीशी नाणी द्यायची. चढण्याआधी "अमुक ठिकाणी किती घेणार?" असं विचारलंत की ती तुमची खास गाडी होते आणि भाडं शेकड्यांत जातं. जोमतिएनला जाणाऱ्या गाड्या सेकंड रोड आणि साउथ पट्टाया रोडच्या चौकात रांगेने उभ्या असतात. पारिजातक, आईंसाठी मात्र ही गाडी नको. मागची पायरी उंच आहे आणि धरायला एक दांडा. त्यांच्यासाठी ग्रॅब किंवा बोल्ट अ‍ॅपवरून मोटार बोलवा, सहाजणांना मोठी गाडीही मिळते.

चिंचगुळी
शाकाहाराबद्दल मी लिहिते, कारण मी स्वतः शाकाहारी आहे आणि तिथे दर वेळी भारतीय हॉटेलातच जेवायचं मला मान्य नाही. भारतीय हॉटेलं पट्टायात पायलीला पन्नास आहेत, जैन जेवणही मिळतं, त्यामुळे आई उपाशी राहणार नाहीत. पण तिथवर जाऊन तीन दिवस पनीर खायचं?

थाई स्वयंपाकात अडचण दिसणाऱ्या मांसाची नसते, न दिसणाऱ्याची असते. भाजी नुसती परतलेली दिसते, त्यात ऑयस्टर सॉस, म्हणजे कालवांचं सॉस असतं. कच्च्या पपईच्या कोशिंबिरीत, सोम ताममध्ये, सुकट आणि माशाचं पाणी, म्हणजे फिश सॉस. करीच्या वाटणात कोळंबीची पेस्ट. सूप तर हाडांच्या पाण्यातलंच. 'नो मीट' म्हटलं की ते बिचारे तुकडे काढून देतात, बाकी सगळं तसंच. त्यांचा दोष नाही, त्यांच्या लेखी ते मांस नाहीच.

त्यासाठी 'जे' जेवण शोधा. चिनी-थाई बौद्धांचं व्रताचं जेवण: मांस-मासे नाहीत, अंडं नाही, दूध नाही, कांदा-लसूणसुद्धा नाही. दुकानावर पिवळी पताका असते, तिच्यावर लाल अक्षरं. थाई वाचता येत नसेल तरी ती दोन अक्षरं लांबून '17' या इंग्रजी आकड्यासारखी दिसतात, मुलांना शोधायला सांगा, त्यांना फार मजा येते. पाकिटबंद खाऊवरही तीच खूण असते. आत टोपल्यांत आठ-दहा भाज्या मांडलेल्या असतात. भातावर दोन-तीन बोटाने दाखवायच्या. टोफू, मशरूम, कोबी, भोपळा, सगळं ताजं. जेवणाचं थोडक्यात असं की दुपारी एकच्या आत गेलात तर मिळेल, नंतर टोपल्या रिकाम्या.

साध्या हॉटेलात "किन जे" म्हणायचं, आणि माशाचं पाणी नको असेल तर "माय साय नाम प्ला". हे दोन वाक्प्रयोग मोबाइलवर थाई लिपीत लिहून ठेवा, स्वयंपाकिणीलाच दाखवा.

फळांबद्दल काही बोलायलाच नको. मंगोस्टीन नक्की खा, आपल्या कोकमाचं ते सख्खं भावंड आहे, दोन्ही एकाच कुळातली. जाड जांभळी साल दोन्ही तळव्यांत दाबून फोडायची, आत लसणाच्या पाकळ्यांसारखे पांढरे गर. सालीचा रस कपड्यांवर पडला तर डाग जात नाही, कोकणातल्या बायकांना हे सांगायला नको. नोव्हेंबरमध्ये त्याचा मोसम नसतो, पण थोडंफार मिळतं. दुरियन हॉटेलच्या खोलीत नेऊ नका, दंड करतात.

पूर्वकिनारा
चिंचगुळी, झकास लिहिलंत. बाबांसाठी माझ्याकडून भर घालतो, कारण मासे खाणाऱ्याने नाक्लुआचा लान फो बाजार न बघता परत जाणं मला पाहवणार नाही.

समुद्राला लागून एक बाग आहे आणि बागेच्या कडेला बाजार. कोळणी ओळीने बसलेल्या, समोर पाण्याच्या टबांत जिवंत खेकडे, कोळंबी, शिंपले, माकूल, निरनिराळे मासे. खेकड्यांचे आंगडे दोरीने बांधलेले. भाव पाटीवर लिहिलेला असतो, किलोचा. तुम्ही बोट दाखवलं की कोळीण जाळीच्या झाऱ्याने कोळंबी उपसते, पाणी निथळू देते, मग काट्यावर ठेवते. ते पाणी निथळू देणं मी दर वेळी कौतुकाने बघतो. थोड्या अंतरावर भाजून-उकडून देणाऱ्या बायका आहेत, त्यांना पिशवी द्यायची, किलोमागे थोडे पैसे घेतात. पंधरा मिनिटांत गरम कोळंबी हातात, सोबत लिंबू, लसूण आणि हिरव्या मिरच्यांची झणझणीत चटणी. चटई भाड्याने घ्यायची आणि बागेत झाडाखाली बसायचं. आजूबाजूला सगळी थाई कुटुंबं, आज्या, नातवंडं. पट्टायाबद्दल मनात काही किंतु असेल तर तिथे तासभर बसा.

एक गोष्ट तिथली टाळा. घोड्याच्या नालेसारखा दिसणारा खेकडा अंड्यांसाठी विकतात. त्याच्यासारखीच दिसणारी एक जात विषारी असते आणि फरक ओळखणं आपलं काम नाही.

एकलीच
मी एकटीने थायलंड फिरते, पट्टायालाही जाऊन आले. बाई म्हणून मला तिथे रात्री दहालाही भीती वाटली नाही. गावातल्या लोकांची तर नाहीच. त्रास झाला तो आपल्याच लोकांचा, आणि हे मला इथे लिहायलाच हवं.

बीच रोडवर झाडांखाली उभ्या असलेल्या बायकांचे मोबाइलवर व्हिडिओ काढणारे घोळके. घोळक्याने जायचं, भाव विचारायचा, मोठ्याने हसायचं आणि पुढे जायचं. मराठीत, हिंदीत त्यांच्या अंगावर शेरे मारायचे, त्यांना कळत नाही असं समजून. त्यांना सगळं कळतं. हसण्याचा सूर कुठल्याही भाषेत कळतो. त्या कामावर उभ्या असतात. त्यातल्या कित्येकजणी ईशान्येकडच्या, इसानच्या खेड्यांतून आलेल्या आहेत, गावाकडे शेती आणि म्हातारे आई-वडील, आणि दर महिन्याला पैसे पाठवायचे असतात. तुम्हाला तिथे काही घ्यायचं नसेल तर नजर खाली घालून, आपल्या वाटेने चला. फोटो नाही म्हणजे नाही. कॅबरेच्या कलाकारांबरोबर शोनंतर फोटो काढायचे असतील तर त्यांना टीप द्यायची पद्धत आहे, ती द्या, आणि अंगाला हात लावू नका.

काही हॉटेलं आणि काही गाड्या भारतीय गट म्हटलं की नाराज का होतात, याचं उत्तर इथे आहे. पारिजातक, हे तुमच्यासाठी नाही, तुम्ही सहकुटुंब जाताय. पण हा धागा उद्या मित्रांबरोबर जाणारेही वाचतील.

घाटवाट
एकलीच, तुम्ही लिहिलंय ते अक्षरन् अक्षर बरोबर आहे. प्रत्येक गटात असं वागणारे एक-दोघं असतात आणि बाकीचे त्यांना थांबवत नाहीत. थांबवायला हवं.

शेवंती_पुणे
+१. आणि तिथे किनाऱ्यावर सिगारेट ओढायला बंदी आहे, दंड फार मोठा आहे. ई-सिगारेट तर देशातच बेकायदा, सामानात सापडली तरी अडचण. तरुण मंडळींनी लक्षात ठेवा.

पूर्वकिनारा
शेवंती, बरोबर. गांजाचंही लिहून ठेवतो. २०२२ मध्ये निर्बंध उठले आणि गल्लोगल्ली दुकानं झाली. २०२५ च्या जूनमध्ये सरकारने पुन्हा आवळलं, आता डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. दुकानं दिसतात म्हणून मोकळीक आहे असं समजू नका, आणि कोणी कितीही ओळखीचा असला तरी "ही पिशवी मुंबईत पोचव" म्हणाला तर हात लावू नका. भारतीय विमानतळांवर यात कित्येक पोरं पकडली गेली आहेत. आयुष्य जातं.

राजघराण्याबद्दल विनोद, टीका काहीही नको. कायद्याने गुन्हा आहे आणि शिक्षा वर्षांत मोजतात. सकाळी आठ आणि संध्याकाळी सहाला सार्वजनिक ठिकाणी राष्ट्रगीत लागलं तर सगळ्यांबरोबर उभं राहायचं.

वाईचे_नाना
पारिजातक बाई, तुमच्या आई-बाबांच्या वयाचा मी आहे, म्हणून लिहितो. आम्ही उभयता मुलाबरोबर जाऊन आलो. आम्हा म्हाताऱ्यांना काय आवडलं ते सांगतो.

नाक्लुआला 'सँक्चुअरी ऑफ ट्रूथ' नावाची लाकडी वास्तू आहे. देऊळ म्हणावं तर देऊळ नाही. लेक विरियाफान नावाच्या धनिकाने १९८१ साली काम सुरू केलं, तो २०००मध्ये गेला, आणि कोरीव काम आजही चालूच आहे. उंची शंभर मीटरहून अधिक आणि सगळं लाकडात, खुंट्या आणि खाचांच्या जोडणीने. आत ब्रह्मा-विष्णू-महेश, रामायण-महाभारतातले प्रसंग, बुद्ध, सगळे एका छपराखाली. हेल्मेट घालून आत सोडतात, कारण वर कारागीर बसलेले असतात. खालच्या बाजूला बायका-पुरुष पाटावर बसून छिन्नी चालवत होते, मी त्यांच्यापाशीच बराच वेळ उभा होतो. भुसा अंगावर उडत होता आणि ताज्या लाकडाचा वास सगळीकडे. लाकूड खाऱ्या वाऱ्याने झिजतं, म्हणून एकीकडे नवं कोरायचं आणि दुसरीकडे जुनं बदलायचं. हे काम कधी संपणार नाही हे त्यांना ठाऊक आहे आणि तरी ते मन लावून करतात. प्रवेशापासून वास्तूपर्यंत बरंच खाली उतरावं लागतं, गुडघ्यांचा त्रास असेल तर सावकाश, आणि सकाळी उन्हाआधी. गुडघे-खांदे झाकलेले कपडे घाला.

नोंग नूच बाग नातवंडांसाठी घ्या. डायनासोरांचे पुतळे किती आहेत मोजता येत नाहीत. आत फिरायला गाडी मिळते, चालावं लागत नाही. हत्तींचे खेळही दाखवतात, ते आम्ही पाहिले नाहीत, आमच्या सूनबाईंना ते पटत नाही आणि मलाही तिचं पटलं. तिथून जवळच खाओ ची चान, डोंगराच्या कड्यावर सोन्याच्या रेषांत काढलेली बुद्धाची आकृती. १९९६ साली, राजे भूमिबोल यांच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षं झाली तेव्हा केली. गाडीतून उतरलं की समोरच दिसते, चढायचं काही नाही.

आणि गणपती! बँकॉकहून पट्टायाला येताना चाचोएंगसाओ प्रांत लागतो. थोडी वाट वाकडी केली तर ख्लोंग खुएनला ३९ मीटर उंचीचा उभा गणपती आहे, ब्राँझचा, हातांत फणस, आंबा, ऊस, केळी. त्याच प्रांतात वाट समान या देवळात गुलाबी रंगाचा पहुडलेला गणपती. तिथे उंदराच्या मूर्ती आहेत. लोक उंदराच्या एका कानात आपलं मागणं सांगतात आणि ते दुसऱ्या कानातून निघून जाऊ नये म्हणून तो कान हाताने झाकून धरतात. आमच्या सौ. ने पण सांगितलं, काय ते मला सांगितलं नाही. मोटार करून येणार असाल तर हे चुकवू नका. चालकाला आधीच सांगा, तो जास्तीचे पैसे सांगेल, ते द्यावेत.

पारिजातक
नाना, तुमचं वाचून बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. ते म्हणाले, टूरची 'सिटी टूर' रद्द करा आणि नाना सांगतात तसं चला. मावशीलाही धागा पाठवलाय.

सगळ्यांचे मनापासून आभार. जोमतिएनला तीन रात्री करून घेतल्या. एकलीच, तुमचा प्रतिसाद नवऱ्याने त्याच्या ऑफिसच्या गटात टाकला, तिथले दहाजण जानेवारीत निघालेत.

आणखी थोडं विचारते. नोव्हेंबरअखेर पाऊस असतो का? विमानतळावरून थेट यायचं झालं तर? आणि पैसे, व्हिसा वगैरे?

पूर्वकिनारा
पाऊस सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जोरात असतो, तेव्हा बीच रोडवर पाणी साचतं. नोव्हेंबरच्या मध्यापासून हवा छान होते, फेब्रुवारीपर्यंत तशीच. मात्र नोव्हेंबरच्या शेवटी बहुतेक वर्षी पट्टायात आतषबाजीचा मोठा महोत्सव असतो. तुमच्या तारखा त्यात येतात का ते बघा. येत असतील तर मुलांना पर्वणी, पण त्या संध्याकाळी बीच रोड बंद आणि गाड्या मिळणं मुश्कील. दुपारीच जाऊन जागा धरा नाहीतर प्रतामनाक टेकडीवरून बघा.

सुवर्णभूमी विमानतळापासून सव्वाशे किलोमीटरच्या आत-बाहेर, दीड ते दोन तास. तळमजल्यावर आठ नंबरच्या दाराशी जोमतिएनच्या बसची खिडकी आहे, बस आरामशीर आणि स्वस्त. सहाजण, सामान आणि नानांचा गणपती धरून मात्र व्हॅनच करा.

व्हिसाचं: २०२४ च्या जुलैमध्ये भारतीयांना ६० दिवस व्हिसामाफी मिळाली. हे नियम मधूनमधून बदलतात, तेव्हा तिकीट काढण्याआधी थाई दूतावासाच्या संकेतस्थळावर बघाच. १ मे २०२५ पासून डिजिटल अरायव्हल कार्ड भरावं लागतं, पोचण्याआधीच्या तीन दिवसांत, प्रत्येकाचं वेगळं, मुलांचंही. ते फुकट आहे. पैसे मागणारी संकेतस्थळं खोटी समजा. परतीचं तिकीट, हॉटेलची पावती आणि थोडी रोकड हाताशी असू द्या, कधीकधी विचारतात.

पैसे: रुपयांना तिथे भाव चांगला मिळत नाही, डॉलर न्या, शंभराच्या कोऱ्या नोटा. सामानाच्या पट्ट्याशेजारच्या खिडक्यांवर बदलू नका. विमानतळाच्या तळघरात, रेल्वे सुटते तिथे, भाव बरेच चांगले. एटीएमला प्रत्येक वेळी दोनशेहून जास्त बाथ शुल्क पडतं, म्हणून काढायचे तर एकदाच. मशीन "रुपयांत बदलून हिशेब करू का" असं विचारतं, तिथे नाही म्हणा, तुमच्या बँकेचा दर त्यापेक्षा बरा असतो.

वाईचे_नाना
राहूनच गेलं. तारीख कार्तिकी पौर्णिमेच्या आगेमागे येत असेल तर तो दिवस जोमतिएनला किंवा नाक्लुआलाच काढा. आपली त्रिपुरी पौर्णिमा, त्यांचं लॉय क्राथोंग. केळीच्या खोडाच्या चकतीवर पानाफुलांची आरास, मधे मेणबत्ती आणि उदबत्ती, आणि ते पाण्यात सोडायचं. वर्षभर पाणी वापरलं, घाण केलं, त्याबद्दल गंगामाईची क्षमा मागतात. रस्त्यावर विकायला बसतात. थर्माकोलचं घेऊ नका, केळीच्या खोडाचं घ्या. वाईला घाटावर दिवे सोडणाऱ्या आमच्या सौ. ला हे कोणी शिकवावं लागलं नाही, शेजारच्या थाई बाईंनी नुसती काडेपेटी पुढे केली.

चिंचगुळी
नाना, किती छान! पारिजातक, त्या दिवशी आईंना उपास असेल तर जवळच्या सेव्हन-इलेव्हनमध्ये केळी, भाजलेलं रताळं, उकडलेला मका आणि दही मिळेल. दह्याच्या डब्यावर जिलेटिन लिहिलंय का ते भाषांतराच्या अ‍ॅपने बघून घ्या.

पारिजातक
चिंचगुळी, हे बरं सांगितलंत. आमच्या तारखांत पौर्णिमा येतेय! फेरीबद्दल एक शंका: आई ना बानच्या धक्क्यावर उतरू शकेल ना? पायऱ्या किती असतात?

दर्यासारंग
फेरी धक्क्याला लावतात आणि बोटीवरची माणसं हात धरून उतरवतात, थाई लोक वडीलधाऱ्यांना फार जपतात. भरती-ओहोटीप्रमाणे एखादी पायरी कमी-जास्त होते. खालच्याच मजल्यावर, दाराजवळ बसा आणि उतरताना गर्दी ओसरू द्या. समाएला जाताना टपाच्या गाडीत मागे बसवण्याऐवजी आईंना पुढे, चालकाशेजारी बसवायला सांगा, तो नाही म्हणणार नाही. तिथे खुर्ची-छत्री भाड्याने मिळते. भाव आधी विचारून घ्या, आणि जागा स्वच्छतागृहाजवळची निवडा.